तारा ठिपकाच राहावा म्हणून

आकाशातील दीर्घिका आणि तेजोमेघ सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या आकारापेक्षा त्यांच्या मंदपणात अधिक आहे. देवयानी दीर्घिका आकाशात पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट लांबीची जागा व्यापते, तरीही गावापासून दूर असलेल्या काळोख्या माळावरून तिचा गाभा तेवढा पुसट, धुरकट डागासारखा जाणवतो, कारण मानवी डोळा आलेला प्रकाश सेकंदाच्या काही अंशापेक्षा अधिक काळ साठवून ठेवू शकत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ही मर्यादा नाही. त्यावर पाच मिनिटे प्रकाश पडत राहिला तर पाच मिनिटांचा प्रकाश एकत्र जमा होतो, आणि जी सर्पिल भुजा लहान दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहताना हाती लागत नाही, ती चित्रात उमटू लागते. दुर्बिणीतून आकाशाचे छायाचित्रण करण्याची सारी शक्यता या साठवणुकीत आहे आणि त्यातील सारी अडचणही तिच्यातूनच निर्माण होते, कारण ज्या जमिनीवर दुर्बीण उभी आहे ती जमीन या पाच मिनिटांत स्वस्थ बसत नाही.

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास, ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, आणि त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा आकाशात दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकताना दिसतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला, हे पंचांग पाहणाऱ्या वाचकाला ठाऊक असतेच. ही गती चित्रात किती मोठी दिसेल हे एका सोप्या गणिताने काढता येते: सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी मायक्रॉनमध्ये घेऊन तिला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, म्हणजे एक पिक्सेल आकाशाच्या किती विकला व्यापतो ते कळते. आजकाल लोकप्रिय असलेल्या ३.७६ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची लहान दुर्बीण जोडली, तर हे मोजमाप १.९४ विकला इतके येते. म्हणजेच दुर्बीण जागच्या जागी उभी असेल, तर एकाच सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल ओलांडून जातो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. नाभीय अंतर १००० मिलिमीटर केले की एक पिक्सेल पाऊण विकलेच्या आसपास येतो आणि तीच चूक अडीचपट मोठी दिसू लागते. नवख्या छायाचित्रकाराने पहिल्या वर्षी मोठ्या दुर्बिणीचा मोह टाळावा, असे जाणकार सांगतात ते या गणितामुळेच, आणि तो सल्ला मनापासून पाळण्याजोगा आहे.

ही अडचण तेजोमेघांच्या छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टर-खगोलविदाने ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्क राज्यातील हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथील आपल्या खासगी वेधशाळेतून मृग नक्षत्रातील मोठ्या तेजोमेघाचे ५१ मिनिटांचे चित्र घेतले, आणि कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र ठरले. मार्च १८८२ पर्यंत त्याने हाच अवधी १३७ मिनिटांवर नेला होता. त्या काळी दुर्बीण घड्याळी यंत्रणेने फिरविली जात असे, परंतु अशा यंत्रणेच्या लहानसहान चुका सुधारण्यासाठी मनुष्याचा डोळा आणि हात यांना पर्याय नव्हता. मुख्य दुर्बिणीच्या बाजूला दुसरी दुर्बीण बांधलेली असे, तिच्या नेत्रिकेत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तारा ताणलेल्या असत, आणि निरीक्षक एक तारा त्या छेदबिंदूवर धरून तो जरा सरकताच हाताने चाक फिरवून त्याला पुन्हा जागेवर आणत असे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत एडवर्ड एमर्सन बर्नार्ड याने १८८९ पासून आकाशगंगेची जी अप्रतिम चित्रे घेतली, ती अशाच रीतीने तासन्‌तास ताऱ्यावर नजर खिळवून घेतलेली होती. नॅशव्हिलमधील अत्यंत गरीब घरात वाढलेला हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास एका फोटो स्टुडिओत कामाला लागला होता, आणि छायाचित्रे मोठी करण्यासाठी सूर्यप्रकाशावर चालणारे छपरावरील अवजड यंत्र दिवसभर सूर्याच्या रोखाने फिरवत ठेवणे हेच त्याचे काम होते. आकाशातील वस्तूच्या मागे यंत्र फिरविण्याची शिकवण इतक्या लहान वयात इतक्या थेट स्वरूपात क्वचितच कोणाला मिळाली असेल.

ताऱ्यावर नजर ठेवून चित्रे घेण्याच्या या पद्धतीला १८८७ च्या पॅरिस परिषदेने आंतरराष्ट्रीय रूप दिले. संपूर्ण आकाशाचा छायाचित्रांवर आधारलेला नकाशा आणि तारकासूची तयार करण्याची योजना तेथे ठरली, आणि तिच्यासाठी प्रमाण मानलेल्या यंत्रात काचेच्या प्लेटची दुर्बीण आणि निरीक्षकाची दुर्बीण एकाच आवरणात शेजारी-शेजारी बसविलेल्या होत्या. या योजनेतील उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा, म्हणजे आकाशातील अक्षांशाचा, पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पूर्ण केला. मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्या संस्थानाच्या राजधानीत हे काम झाले, याची आठवण मराठी वाचकांना फारशी नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदविली आहे.

आता यंत्राकडे वळायचे तर पहिला प्रश्न दुर्बिणीचा नसून माउंटचा आहे, म्हणजे दुर्बिणीला आधार देणाऱ्या आणि फिरविणाऱ्या यंत्रणेचा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा माउंट ताऱ्याच्या मागे जाऊ शकतो, परंतु तसे करताना दृश्य हळूहळू स्वतःभोवती फिरते आणि दीर्घ चित्रात कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात. त्यामुळे छायाचित्रणासाठी इक्वेटोरिअल माउंट वापरतात, ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला असतो. या अक्षाभोवती दुर्बीण पृथ्वीच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरविली की दृश्य स्थिर राहते. हा अक्ष विषुवांशाचा, आणि त्याला काटकोनात असणारा दुसरा अक्ष क्रांतीचा. विषुवांश म्हणजे आकाशातील रेखांश आणि क्रांती म्हणजे आकाशातील अक्षांश, असे ढोबळमानाने समजता येईल. बाजारात दुर्बिणीची भिंगे आणि आरसे यांचे जितके कौतुक होते तितके माउंटचे होत नाही, आणि बहुतेकांची सुरुवातीची निराशा येथूनच सुरू होते. हातातील पैशाचा मोठा वाटा माउंटवर खर्च करावा, आणि उत्पादकाने सांगितलेल्या भारक्षमतेच्या निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंतच छायाचित्रणाचे ओझे त्यावर ठेवावे. चांगल्या माउंटवरील साधी दुर्बीण उत्तम चित्र देते, पण डगमगत्या माउंटवरील उत्कृष्ट दुर्बीण तसे देऊ शकत नाही.

माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी जुळविण्याच्या क्रियेला पोलर अलाइनमेंट म्हणतात. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा मदतीला येतो, मात्र तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासापेक्षाही अधिक अंतरावर आहे, हे लक्षात ठेवावे लागते. त्यामुळे केवळ ध्रुवताऱ्यावर नेम धरणे पुरेसे नसते आणि त्या क्षणी तो ध्रुवबिंदूच्या कोणत्या बाजूला आहे हे तक्त्यावरून किंवा ॲपवरून पाहून अक्ष बसवावा लागतो. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, म्हणून नागपुरात तो २१ अंशांवर, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा आणि पणजीत अवघ्या साडेपंधरा अंशांवर सापडतो. इतक्या खाली इमारती, डोंगर आणि धुरके आड येतातच, शिवाय वातावरणातील वक्रीभवनामुळे ध्रुवतारा आपल्या खऱ्या जागेपेक्षा सुमारे तीन कला वर उचललेला दिसतो. अक्ष पाच कलांनी चुकला, तर तारा क्रांतीच्या दिशेने मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला वाहत जातो. अर्ध्या मिनिटाच्या चित्रात हे जाणवणार नाही, पण पाच मिनिटांच्या चित्रात ते वर सांगितलेल्या लहान दुर्बिणीवरही तीनहून अधिक पिक्सेलांचे ओढलेपण होऊन बसते. आता कॅमेऱ्याने ध्रुवाजवळची चित्रे घेऊन संगणकाकडून चूक मोजून घेण्याची सोय आहे, आणि ती वापरली तर दहा मिनिटांत एक-दोन कलांच्या आत अक्ष जुळविता येतो.

अक्ष अचूक जुळविला तरी माउंटच्या आतील दातेरी चाके दोषरहित नसतात. विषुवांशाचा अक्ष एका मोठ्या दातेरी चाकाने फिरतो आणि त्या चाकाला स्क्रूच्या आकाराचा वर्म गिअर पुढे ढकलतो. मोठ्या चाकाला १८० दाते असतील, तर वर्म सुमारे ८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. वर्मची घडण कितीही काटेकोर असली तरी त्यात सूक्ष्म उंचसखलपणा राहतो, आणि त्यामुळे दर ८ मिनिटांच्या फेरीत दुर्बीण थोडी पुढे आणि थोडी मागे अशी झुलते. मध्यम किमतीच्या माउंटात हे झुलणे दोन्ही बाजूंना दहा-वीस विकलांपर्यंत असू शकते. याला आवर्ती दोष म्हणतात. गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेले हार्मोनिक ड्राइव्हचे माउंट वजनाला हलके असतात आणि त्यांना बहुधा समतोलासाठी प्रतिभाराची गरज पडत नाही, परंतु त्यांचा आवर्ती दोष मोठा असतो, आणि म्हणून ते पुढे सांगितलेल्या साहाय्याशिवाय दीर्घ चित्रणाला जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

हे साहाय्य म्हणजे ऑटोगाइडिंग. बर्नार्ड डोळ्याने जे करी तेच काम येथे एक छोटा कॅमेरा आणि संगणक करतात. मुख्य दुर्बिणीवर ३० ते ६० मिलिमीटर व्यासाची लहान गाइड दुर्बीण घट्ट बसविलेली असते, तिला जोडलेला गाइड कॅमेरा दर एक ते तीन सेकंदांनी एक चित्र घेतो, आणि संगणक त्यातील एका ताऱ्याची जागा पाहून ती ठरलेल्या जागेपासून किती व कोणत्या दिशेला ढळली हे मोजतो आणि तेवढी दुरुस्ती माउंटला कळवितो. विषुवांशात दुरुस्ती करताना मोटर सहसा थांबत नाही. ती सेकंदाच्या काही अंशापुरती नेहमीच्या वेगाच्या दीडपट किंवा निम्म्या वेगाने फिरते आणि पुन्हा मूळ वेगावर येते. हे काम स्वतंत्रपणे करणारे एसटी-४ नावाचे उपकरण अमेरिकेतील सांता बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणले, आणि हौशी खगोलप्रेमींच्या हाती ऑटोगाइडिंग खऱ्या अर्थाने तेव्हा आले. आजही असंख्य माउंटांवर टेलिफोनच्या खाचेसारखी जी खाच असते तिला एसटी-४ पोर्ट असेच म्हणतात. आज या कामासाठी पीएचडी-२ ही विनामूल्य संगणकप्रणाली सर्वाधिक वापरली जाते.

इतकी लहान गाइड दुर्बीण इतकी सूक्ष्म चूक कशी पकडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १२० मिलिमीटर नाभीय अंतराच्या गाइड दुर्बिणीत एक पिक्सेल सहा विकलांहून अधिक आकाश व्यापतो, आणि पकडायची चूक तर एका विकलेची असते. याचे उत्तर असे की, ताऱ्याचा प्रकाश एकाच पिक्सेलवर न पडता शेजारच्या अनेक पिक्सेलांवर कमी-जास्त प्रमाणात पसरतो, आणि या प्रमाणावरून त्या प्रकाशाचा मध्यबिंदू गणिताने काढता येतो. ताऱ्याचा ठिपका पुरेसा उजळ असेल, तर पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी हालचालसुद्धा ओळखता येते. म्हणूनच गाइड तारा सेन्सरवर इतका तेजस्वी नसावा की त्याचा मधला भाग पूर्ण भरून सपाट होईल, कारण तसे झाले की मध्यबिंदू काढण्याचा आधारच जातो. पीएचडी-२ मध्ये आता एकाच वेळी अनेक ताऱ्यांची सरासरी घेता येते आणि मोजमाप आणखी स्थिर होते.

मार्गदर्शन सुरू करण्यापूर्वी प्रणालीला कॅलिब्रेशन करावे लागते: ती माउंटला पश्चिमेकडे, पूर्वेकडे, उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे थोडे-थोडे हलविते आणि प्रत्येक हालचालीला तारा कोणत्या कोनात व किती सरकला हे शिकून घेते. हे काम खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि याम्योत्तर वृत्ताच्या, म्हणजे आकाशाला उत्तर-दक्षिण छेदणाऱ्या रेषेच्या जवळ केले, तर ते सर्वांत विश्वासार्ह ठरते, कारण ध्रुवाजवळ विषुवांशातील मोठी फिरकीही ताऱ्याला फारच थोडे सरकविते.

यानंतरचा टप्पा सर्वाधिक नाजूक आहे, आणि नवख्यांची फसगत येथेच होते. वातावरणातील थरांच्या हालचालीमुळे तारा सतत थरथरतो. या थरथरीला सीइंग म्हणतात आणि सामान्य ठिकाणी तिच्यामुळे ताऱ्याचा ठिपका दोन ते चार विकला रुंद होतो. गाइड कॅमेरा अर्ध्या सेकंदाची चित्रे घेऊ लागला, तर तो माउंटची चूक न मोजता हवेची थरथर मोजतो आणि माउंट प्रत्येक थरथरीमागे धावत सुटतो, म्हणजे वाऱ्याने हलणाऱ्या सावलीवर पाऊल ठेवण्याचा खेळ सुरू होतो. दोन-तीन सेकंदांचे गाइड चित्र घेतले की थरथर आपोआप सरासरीत मिसळून जाते आणि उरलेली हालचाल बव्हंशी माउंटची असते. मोजलेल्या चुकीची पूर्ण शंभर टक्के दुरुस्ती न करता साठ-सत्तर टक्केच करणे आणि अगदी लहान चुका सोडून देणे, हेही याच कारणासाठी हिताचे असते. पडद्यावरील आलेखात मार्गदर्शनाची सरासरी चूक विकलांत दिसते. ती मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलने व्यापलेल्या विकलांच्या निम्म्याच्या आसपास राहिली, तर चित्रातील तारे गोल राहतात, आणि त्याहून लहान आकडा मिळविण्यासाठी रात्रभर बटणे फिरवीत बसण्यात शहाणपण नाही.

आलेख बिघडला तर दोष बहुधा प्रणालीत नसून यंत्रात असतो. क्रांतीच्या अक्षात दिशा बदलताना दात्यांमधील पोकळी भरून निघेपर्यंत काहीच घडत नाही आणि मग एकदम उडी बसते. त्यावर उपाय म्हणून या अक्षात एकाच दिशेने दुरुस्ती होऊ द्यावी, आणि ती दिशा पोलर अलाइनमेंटच्या उरलेल्या किंचित चुकीमुळे होणाऱ्या वाहण्याच्या विरुद्ध निवडावी. विषुवांशात दुर्बिणीचा भार पूर्वेच्या बाजूला किंचित जड ठेवला की दाते सतत एकमेकांना टेकलेले राहतात. लोंबकळणारी केबल माउंटच्या पायाला अडकून ओढली जाणे हे वरवर क्षुल्लक, पण फार वारंवार आढळणारे कारण आहे. सर्वांत फसवा दोष मात्र आलेखात दिसतच नाही: गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण यांच्यातील पट्ट्या किंवा फोकसर किंचित वाकतात, गाइड तारा आपल्या जागी अचूक राहतो आणि चित्रातील तारे तरीही लांबट येतात. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणींसाठी म्हणून ऑफ-ॲक्सिस गाइडर वापरतात, ज्यात मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशाचा कडेचा अंश एका छोट्या लोलकाने गाइड कॅमेऱ्याकडे वळविला जातो. त्यात दुसरी दुर्बीणच नसल्याने वाकण्याचा प्रश्न मिटतो, मात्र उजळ तारा मिळणे अवघड होते.

एका चित्रातून पूर्ण प्रतिमा तयार होत नाही. तीन-पाच मिनिटांची अनेक चित्रे घेऊन ती सीरिल किंवा डीपस्कायस्टॅकर यांसारख्या विनामूल्य प्रणालीत एकमेकांवर रचली जातात, आणि उपयुक्त संकेताच्या तुलनेतील गोंगाट चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १६ चित्रांनी तो चौथ्या भागावर येतो, १०० चित्रांनी दहाव्या भागावर. झाकण लावून घेतलेली डार्क चित्रे आणि समान उजेडावर घेतलेली फ्लॅट चित्रे सेन्सरचे व भिंगाचे दोष दूर करतात. दर काही चित्रांनंतर गाइड तारा मुद्दाम काही पिक्सेल सरकविण्याची डिथरिंग नावाची युक्ती ऑटोगाइडिंगमुळेच सहज शक्य होते, आणि ती केल्याने सेन्सरचे ठरावीक डाग दरवेळी ताऱ्यांच्या संदर्भात वेगळ्या जागी पडून सरासरीत नाहीसे होतात. धीराने साठविलेल्या प्रकाशाचे मोल किती आहे, हे फ्रान्समधील यान सेंती आणि झाव्हिए स्ट्रॉटनर व जर्मनीतील मार्सेल ड्रेक्सलर या हौशी खगोलप्रेमींनी दाखवून दिले आहे: १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने शंभरहून अधिक तासांचा प्रकाश साठवून त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या शेजारी आयनीभूत ऑक्सिजनची एक भव्य कमान शोधून काढली, आणि जगातील मोठमोठ्या वेधशाळांनी शंभर वर्षे टिपलेल्या त्या भागात ती तोवर कोणाच्याही लक्षात आली नव्हती. हा शोध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे महिने ढगांचे असतात, म्हणून खरा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. मुंबई-पुण्याच्या प्रकाशप्रदूषणात हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर आणि ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश आत घेणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून तेजोमेघांची चित्रे घेता येतात, परंतु दीर्घिकांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने त्यांना काळोख्या आकाशाला पर्याय नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही त्या दृष्टीने आनंदाची घटना आहे. पुण्यातील १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईतील खगोल मंडळ यांसारख्या संस्थांमध्ये अनुभवी माणसांच्या शेजारी बसून पाहिलेली एक रात्र अनेक पुस्तकांहून अधिक शिकविते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही दव भिंगावर लवकर साचते, त्यामुळे मुख्य दुर्बिणीइतकीच गाइड दुर्बिणीलाही ऊब देणारी पट्टी बांधणे आवश्यक असते. गाइड तारा मध्यरात्रीनंतर हळूहळू मंद होत नाहीसा होण्याचे कारण बहुधा तेच असते.

पहिल्या हंगामासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवयानी, डिसेंबर-जानेवारीत कृत्तिका आणि मृगातील तेजोमेघ यांचा क्रम उत्तम, कारण या वस्तू उंच येतात, मोठ्या आहेत आणि ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत नेटक्या बसतात. त्यानंतर येथील अक्षांशाने दिलेल्या एका खास संधीकडे वळावे. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा अतिविशाल गोलाकार तारकागुच्छ लंडन-पॅरिसहून क्षितिजावर येतच नाही. तो एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून सुमारे साडेतेवीस आणि पणजीहून सत्तावीस अंशांपर्यंत वर येतो. इतक्या खालच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत दुपटीहून अधिक हवेतून येतो, सीइंग बिघडते, आणि वक्रीभवनामुळे ताऱ्याची दिसणारी गती नेहमीच्या तारकीय गतीपेक्षा किंचित वेगळी होते. हा फरक गाइड कॅमेरा आपोआप भरून काढतो, पण त्यासाठी गाइड चित्र चार सेकंदांपर्यंत लांबवावे आणि दुरुस्तीचे प्रमाण निम्म्यावर आणावे. चित्रणाचा अवधी याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंना तास-दीड तास एवढाच ठेवलेला बरा. याम्योत्तर ओलांडताना जर्मन पद्धतीचा, म्हणजे एका बाजूला दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूला प्रतिभार असणारा, माउंट उलट बाजूला वळवावा लागतो, आणि त्यानंतर क्रांतीतील दुरुस्तीची दिशा बदलते. माउंट संगणकाला थेट जोडलेला असेल, तर प्रणाली हा बदल स्वतः ध्यानात घेऊ शकते, परंतु केवळ एसटी-४ केबलवर काम चालत असेल, तर वळणानंतर कॅलिब्रेशन पुन्हा करावे.